लिओकाडियाला पहिलीचा वर्ग

पाकीट उघडायचं, आतला कागद वाचायचा, ओठांना लावायचा आणि खिशात ठेवून निमूट जेवायला लागायचं. नियम एवढाच. दर वर्षी पंधरा ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, सिस्टरांच्या संघाच्या मातृगृहातल्या लांबलचक भोजनगृहात चारशे ताटांवर चारशे पाकिटं ठेवलेली असत. पाकिटावर सिस्टरचं नाव, आत दोनच ओळी. कुठल्या चर्चच्या धर्मग्रामात जायचं आणि तिथे काय करायचं. का, कशासाठी, किती वर्षं, हे विचारायची सोय नव्हती. आज्ञापालनाचं व्रत घेतलंय ना? मग झालं तर!

सिस्टर लिओकाडियाला तर पाकीट उघडायचीही उत्सुकता उरली नव्हती. तीस वर्षं तिच्या कागदावर बदललंच तर गावाचं नाव तेवढं बदलायचं. खालची ओळ ठरलेली, 'स्वयंपाकघर'. सोळाव्या वर्षी ती विस्कॉन्सिनमधल्या बटाट्याच्या शेतावरून संघात आली तेव्हा तिला शिकवायचं होतं. घरी पाच धाकट्या भावंडांना वाचायला तिनंच शिकवलं होतं. पण तेव्हाच्या संघप्रमुख मदर जनरलनी तिचे दंड बघितले आणि विचारलं, "पन्नास माणसांची कणीक मळशील का गं?" लिओकाडिया म्हणाली, "मळीन." त्या एका 'मळीन'वर तीस वर्षं गेली. त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला काही सांगितलं नाही.

१९५३ साली मात्र तिनं सवयीनं पाकीट फोडलं आणि तिच्या हातातला चमचा खणकन ताटात पडला. त्या शांततेत चारशे माना वळल्या. कागदावर लिहिलं होतं, 'सेंट किंगा, मिल्वॉकी. पहिलीचा वर्ग.'

तिनं तीनदा वाचलं. मग नियमाप्रमाणे ओठांना लावलं. नंतर तिनं जे काही खाल्लं त्याची चव तिला शेवटपर्यंत आठवली नाही, आणि स्वयंपाकिणीच्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नव्हे.

दुपारी सेंट किंगाच्या चर्चचा राखणदार जुनी काळी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर लिओकाडियाच्या शेजारी एक तरुण सिस्टर येऊन बसली. गोरीपान, किडकिडीत, डोळे रडून लाल झालेले. हिचं नाव अमाता. वय चोवीस.

"तुला कुठलं काम मिळालं, पोरी?" लिओकाडियानं विचारलं.

"स्वयंपाकघर," अमाता म्हणाली आणि हुंदका दाबला. "आणि तुम्हाला, सिस्टर?"

"पहिलीचा वर्ग."

बाहेर तळ्याचं पाणी चमकत होतं. राखणदार पोलिश गाणं गुणगुणत होता.

"तू शिकलीस काय?" लिओकाडियानं हळूच विचारलं.

"गणित. कॉलेजात पहिली आले होते."

"आणि स्वयंपाक?"

"मला अंडं उकडता येत नाही," अमाता म्हणाली. "मला माहितीये हे का झालं. मला गर्व झाला होता. वर्गात दुसऱ्या कुणाचं उत्तर चुकलं की मी हसायचे. मदर जनरल क्लोटिल्डांना कळलं असणार. देवानं माझं नाक बरोबर ठेचलं."

आता तुम्ही म्हणाल, लिओकाडियाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही का? अहो, पडला! लख्ख पडला. एकाच घरात जाणाऱ्या दोघींची पाकिटं, एकीचा कागद दुसरीच्या पाकिटात. शेतावरच्या बाईला एवढं कळत नाही होय? 'अगं वेडे, पाकिटांत घोळ झालाय, चल आत्ताच्या आत्ता मागे फिरू,' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. तिथे ते अडलं. आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं ते भलतंच.

"आज्ञा म्हणजे आज्ञा," ती म्हणाली. तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या आणि त्याच वेळी तिची तिलाच लाज वाटत होती.

सेंट किंगाच्या मठात अकरा सिस्टर्स होत्या. मठप्रमुख सिस्टर बोनावेंचुरा याच तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, वर आठवीचा वर्गही त्याच घ्यायच्या. उंच, रुंद, आवाज खणखणीत. गल्लीतले टवाळ पोरगे त्यांना बघून फुटपाथ बदलायचे. वसंतात त्यांनी मदर जनरलना पत्र लिहिलं होतं की कृपा करून एक पहिलीची चांगली शिक्षिका आणि एक चांगली स्वयंपाकीण द्या, कारण गेल्या वर्षीच्या स्वयंपाकानं आम्ही सगळ्या निम्म्या झालो आहोत. आता दारात दोघी उभ्या. एकीच्या हातांना तीस वर्षांच्या चुलीचे डाग आणि तिच्या हातात पहिलीच्या वर्गाचा कागद. दुसरीच्या बगलेत भूमितीचं पुस्तक आणि तिच्या कागदावर स्वयंपाकघर. बोनावेंचुरांनी दोन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले, डोळे मिटले.

"तक्रार केली ना मी," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "मदर माझी परीक्षा घेताहेत."

एकीला वाटलं शिक्षा, दुसरीला वाटलं परीक्षा, तिसरीला खरं काय ते ठाऊक. तिघींच्याही तोंडाला कुलूप. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात, कचेरीत, पलटणीत ही चूक दुपारपर्यंत टिकली नसती. या मठात ती नऊ महिने टिकली.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर शाळा उघडली. पहिलीत चौसष्ट मुलं. निम्म्यांना घरी फक्त पोलिश कळायचं, उरलेल्यांना कुठलीच भाषा कळत नाही असं वाटायचं. युजीन नावाचा एक गोल गरगरीत मुलगा दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून रडत होता. बर्नडीन गापिन्स्का रडत नव्हती, ती बाकीच्यांना कसं रडायचं ते दाखवत होती. शेजारच्या वर्गातल्या सिस्टर टकटक आवाज करणारी छोटी लाकडी टिचकी वाजवली की पन्नास मुलं खाडकन उभी करायच्या. लिओकाडियाकडेही टिचकी होती. तिनं वाजवली. तिघं उभे राहिले, आणि त्यातले दोघं घरी जायला निघाले.

पहिल्या आठवड्यात दर संध्याकाळी तिला वाटायचं, उद्या जाऊन सांगावं, चूक झालीये, मला माझी चूल परत द्या. पण सकाळी चौसष्ट तोंडं तिच्याकडे बघायची आणि तिला ते बोलवायचं नाही.

तिकडे स्वयंपाकघरात तर प्रलय होता. अमाता पुस्तकात बघून शिजवायची आणि गणितानं शिजवायची. सहा माणसांच्या कृतीला तिनं अकरानं गुणायचं ते कसं गुणलं देव जाणे, पण बार्लीचं सूप असं झालं की पळी त्यात उभी राहिली. पिएरोगी या पोलिश करंज्यांत बटाट्याचं सारण भरून त्या उकळत्या पाण्यात सोडल्या, तर पीठ एकीकडे आणि बटाटा एकीकडे. आंबवलेला कोबी एकदा करपला, एकदा कच्चा राहिला, आणि एकदा त्यात साबणाचा वास आला, त्याचं कारण कुणी विचारलं नाही. ताट समोर आलं की बोनावेंचुरा हात जोडून म्हणायच्या, "भगिनींनो, शुद्धिस्थानात स्वर्गाची वाट बघणाऱ्या आत्म्यांसाठी हे अर्पण करू या." आणि अकरा जणी घास गिळायच्या. त्या शरद ऋतूत सेंट किंगाच्या भोजनगृहातून शुद्धिस्थानातले आत्मे थव्याथव्यानं सुटले असतील. कुणी ब्र काढला नाही.

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा आणखी एक नियम. लिओकाडियाला स्वयंपाकघराच्या दारातून करपल्याचा वास यायचा आणि तिचे हात शिवशिवायचे, पण पाऊल आत टाकायची परवानगी नव्हती. अमाताला खिडकीतून पहिलीचा गोंधळ ऐकू यायचा आणि ती कपाळाला हात लावायची. रोज संध्याकाळी सात ते आठ मात्र बोलायची सूट असे. सगळ्याजणी दिवाणखान्यात मोजे शिवत बसायच्या. पहिल्याच आठवड्यात अमातानं खुर्ची सरकवून लिओकाडियाच्या शेजारी घेतली.

"सिस्टर, सूप घट्ट झालं तर काय करतात हो?"

"पाणी घालतात, पोरी."

"बस? एवढंच?"

"एवढंच. पण गरम. आणि बार्ली आधी कोरडी भाजून घे. आता मला सांग, चौसष्ट मुलं एकदम शांत कशी बसवतात?"

अमातानं विचार केला. "एकदम बसवूच नका. आठ-आठांचे आठ गट करा. एका वेळी एकाच गटाकडे बघा, बाकीच्यांना काहीतरी करायला द्या. नुसत्या बसलेल्या मुलाला खोड्या सुचतात."

"असं होय! म्हणजे आठ भांडी आठ चुलींवर," लिओकाडिया म्हणाली. "हे तर मला येतं!"

आणि खरंच तिला ते यायचं. मोठ्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिनं हेच तर केलं होतं. एक उतू जातंय, एक अजून थंडच आहे, एकाला नुसतं ढवळायचंय, एकाला झाकून ठेवायचंय. दुसऱ्या दिवशी तिनं टिचकी खणात टाकली ती पुन्हा काढली नाही. कोण कधी उतू जाणार ते तिला बाईसाहेबांसारखं खुर्चीत बसून नाही, मुलांमधून चालता चालता कळायचं. कोण उपाशी आलाय ते चेहऱ्यावरून कळायचं. आणि अक्षराशी अक्षर जोडून शब्द झाला की तिला स्वतःलाच इतका आनंद व्हायचा की पोरं तिला खूश करायला म्हणून वाचायला लागली. "बघा बघा, सिस्टर हसल्या!" युजीन ओरडायचा.

सात ते आठचा तास असा महिनोन् महिने चालला. एकीकडून फोडणीत कांदा कधी टाकायचा, दुसरीकडून एका अक्षराला दोन आवाज असतात हे पोराला कसं सांगायचं. म्हाताऱ्या सिस्टर्स कौतुकानं बघायच्या. "किती छान! दोघी अध्यात्मावर बोलत असतात," त्यातली एक म्हणाली. त्या वेळी विषय डुकराच्या मांसाच्या थिजवणीचा होता.

नाताळपर्यंत सूप सुपासारखं झालं. बर्फ पडला तेव्हा पहिलीच्या दाराशी रबरी बुटांचे चौसष्ट जोड उभे राहू लागले, आणि लिओकाडिया गुडघ्यांवर बसून एकशे अठ्ठावीस बुटांचे बक्कल लावता लावता प्रत्येकाला एक शब्द विचारायची. फेब्रुवारीत बर्नडीननं घरून आलेली दुधाची बाटली हातात घेऊन तिच्यावरचं नाव वाचलं आणि दचकून म्हणाली, "सिस्टर, हे कुणी मला शिकवलंच नव्हतं!" लिओकाडिया त्या दिवशी धावत प्रार्थनागृहात गेली. गुडघे टेकले आणि प्रार्थना सुचेना, नुसतंच हसू येत होतं. इतकी सुखी ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

आणि तिथेच ते डाचायचं. हे सुख आपलं नाही. हे अमाताचं, पाकीट बदलून आपल्या ताटात आलेलं. शेवटी तिनं पापकबुलीच्या खुर्चीत फादर झिग्मुंट यांना सगळं सांगून टाकलं. फादर वयस्कर, कानानं बरे, मनानं घाईत.

"मदरनी तुला विचारलं का, चूक झाली का म्हणून?"

"नाही, फादर."

"मग? विचारलं तर सांग. विचारल्यावर लपवलंस तर ते पाप. तोपर्यंत पोरांना शिकव. तीन वेळा 'नमो मरिया' म्हण."

लिओकाडियाला वाटलं, सुटले. पण मे महिना उजाडला आणि मठाच्या फळ्यावर नोटीस लागली. मदर क्लोटिल्डा स्वतः मठभेटीला येणार, दोन दिवस राहणार, प्रत्येक सिस्टरला एकटीला बोलावून विचारपूस करणार.

मदर आल्या त्या दिवशी अमाता पहाटेपासून चुलीपाशी होती. एरवी ती आता बऱ्यापैकी शिजवायची, पण त्या दुपारी तिनं बार्लीच्या सुपात मीठ घातलं, घाबरली, घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. मदर क्लोटिल्डा सत्तरीच्या, चणीनं चिमुकल्या, चष्म्याआडून चिमणीसारखं बघणाऱ्या. त्यांनी पहिला घोट घेतला, पाणी प्यायल्या, आणि दुसरा घोट घेतला नाही.

चार वाजता लिओकाडियाची पाळी आली. ती दिवाणखान्यात जाऊन उभी राहिली.

"ये, ये. बस," मदर म्हणाल्या. "तुझ्या हाताला काय झालंय गं?"

"माझ्या हाताला?"

"मातृगृहात दहा वर्षं तुझं सूप प्यायलेय मी. नाव काढावं असं सूप. आणि आजचं ते काय होतं? तळ्यातलं पाणी तरी बरं! आजारी आहेस का? खरं सांग."

विचारलं तर सांग, असं फादर म्हणाले होते. आता विचारलं होतं.

"मदर, ते सूप माझं नाही."

"मग कुणाचं?"

"सिस्टर अमाताचं. स्वयंपाक ती करते."

"अमाता? ती गणितवाली? आणि तू काय करतेस मग?"

"पहिलीला शिकवते."

मदर क्लोटिल्डा खुर्चीत सरळ झाल्या. "कुणाच्या आज्ञेनं?"

"तुमच्या," लिओकाडिया म्हणाली आणि नऊ महिने खिशात बाळगलेला कागद तिनं टेबलावर ठेवला.

मदरनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग त्या हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला, मग रुमाल. "अरे देवा! ऑगस्टात माझा चष्मा फुटला होता. सेक्रेटरी म्हणाली, मदर, पाकिटं मी भरते. मी म्हटलं, वीस वर्षं मीच भरत आलेय, मला काय धाड भरलीये? अंदाजानं भरली गं सगळी. आणि नऊ महिन्यांत एकीनंही विचारलं नाही!"

"आज्ञा होती, मदर."

"म्हणजे तुला ती खरी वाटली?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं. लिओकाडियानं मान खाली घातली.

"नाही वाटली. मला त्याच दिवशी गाडीत कळलं होतं. अमाता माझ्या शेजारी बसून रडत होती आणि मी गप्प बसले. आज्ञेसाठी नाही बसले, मदर. मला तो वर्ग हवा होता. तीस वर्षं हवा होता. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण तिला बोलू नका. तिला अजून वाटतं, देवानं तिला गर्वाची शिक्षा केलीये."

मदरचं हसू थांबलं.

"तीस वर्षांत हे कधी का बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"हं," मदर म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ सिस्टर, तुझी-माझी चूक तुझ्या-माझ्यापाशी. पण चौसष्ट मुलांचं एक वर्ष गेलंय. ते वाया गेलं असेल तर तो भार माझ्या मानेवर आहे, आणि मी सोमवारपासून तिथे दुसरी शिक्षिका उभी करीन. उद्या सकाळी वर्गात येते."

"मुलं वाचतात, मदर."

"बघू."

त्या संध्याकाळी बोनावेंचुरा आत गेल्या आणि बंद दारातून दोघींच्या हसण्याचा गडगडाट ऐकू आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तिथेच सगळ्यांना जाहीर केलं. त्यांची प्रमुखपदाची सहा वर्षं जूनमध्ये संपत होती. सप्टेंबरपासून आठवी सिस्टर अमाता घेणार. "आणि स्वयंपाकघर मी मागून घेतलंय," बोनावेंचुरा गरजल्या. "शुद्धिस्थानात आता कुणी उरलं नसेल, आपणही माणसासारखं जेवू या!" अमाता हसत होती आणि रडत होती. मग तिनं धावत येऊन लिओकाडियाला मिठी मारली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होतं गं. माफ कर मला."

अमातानं तिच्याकडे बघितलं. "मला अंडं उकडता येतं आता," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर मला हसू येत नाही. माफ कसलं करायचं?" मग तिचा चेहरा उतरला. "पण तुमचं काय ठरलं?"

लिओकाडियाचं काहीच ठरलं नव्हतं.

सकाळी मदर वर्गात आल्या तेव्हा चौसष्ट जणांनी उभं राहून एका सुरात अभिवादन केलं. बोनावेंचुरा दाराशी. लिओकाडिया मागच्या भिंतीला टेकून. मदरनी वाचायला सांगितलं. मुलांनी पुस्तकं उघडली आणि धडा घडाघडा म्हणून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही.

मदर बाकांमधून चालत युजीनपाशी थांबल्या. त्याचं पुस्तक उलटं होतं.

"छान," मदर म्हणाल्या. "पाठ आहे."

लिओकाडियाच्या पायाखालची जमीन सरकली. अरे युजीन! अरे गाढवा! त्याला वाचता येत होतं हो, चांगलं येत होतं, पण मदर आल्या म्हणून बिचारा पुस्तकाकडे बघायचंच विसरला होता. पण आता हे कुणाला सांगणार? आणि सांगून कोण ऐकणार? तिच्या डोळ्यांपुढे सोमवार आला. या खोलीत दुसरी कुणीतरी उभी, आणि आपण नाही.

मदर फळ्यापाशी गेल्या. खडू घेतला. टाचा उंचावून त्यांनी एक ओळ लिहिली आणि बाजूला झाल्या. हे काही कुठल्या पुस्तकात नव्हतं. वर्गात चिडीचूप. मुलं ओठ हलवत होती. लिओकाडियाला फळ्याकडे बघायचा धीर होईना. ती चौसष्ट मानांकडे बघत राहिली.

बर्नडीननं सुरुवात केली, मागोमाग सगळे. "काल... चं... सूप... फार... खा... रट... होतं."

एक क्षण गेला आणि वर्गभर खसखस पिकली. वाचलेलं कळल्याशिवाय कुणी हसत नाही. मदरच्या ओठांचा कोपरा हलला. दाराशी बोनावेंचुरा खोकल्या.

मदरनी दुसरी ओळ लिहिली. या वेळी युजीनचा आवाज सगळ्यांच्या पुढे होता, एक बोट हवेत धरून. "म्हाताऱ्या मदरचा चष्मा फुटला होता!" तो मागे वळून ओरडला, "सिस्टर, मदरचा चष्मा फुटला होता!"

"समोर बघ," लिओकाडिया म्हणाली.

मदरनी तिसरी ओळ लिहायला घेतली. ही लांब होती. खडू कुरकुरत राहिला. लिओकाडियानं डोळे मिटले. देवा, जे असेल ते असो, पण पोरांना वाचता येऊ दे.

चौसष्ट आवाज अडखळत, एकमेकांना सावरत निघाले. "सिस्टर... लिओकाडिया... पुढच्या... वर्षी... ही... पहिलीच्या... वर्गातच... राह... तील."

मुलं वळून तिच्याकडे बघायला लागली. मदरनी खडू ठेवला आणि हात झटकले.

"आणि आम्ही?" युजीननं घाबरून विचारलं. "आम्ही पण पहिलीतच?"

लिओकाडिया भिंत सोडून पुढे आली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मदर जनरलना वर्गात थांबवून ठेवलं.

"परत वाचा," ती मुलांना म्हणाली.

त्यांनी वाचलं. या वेळी कुणी अडखळलं नाही.

"आणखी एकदा," ती म्हणाली. "मोठ्यानं."